सीट, स्पेशल आणि नाव

आपल्या खानदेशात रिक्षात पाय ठेवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. "सीटने येता का स्पेशल?" पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हा प्रश्न कळत नाही. तो बिचारा मीटर शोधत असतो. सीट म्हणजे रिक्षातली एक जागा तुमची. बाकीच्या जागा भरेपर्यंत थांबायचं, ठरलेल्या रस्त्यानेच जायचं, आणि उतरताना सगळे देतात तेवढेच पैसे द्यायचे. स्पेशल म्हणजे अख्खी रिक्षा तुमची. मग दाराशी या, सामान चढवा, वाटेत दोन ठिकाणी थांबा, पण पैसे तीन-चार सीटांचे मोजा. जळगाव स्टेशनाबाहेर "खोटेनगर, खोटेनगर" किंवा "अजिंठा चौफुली, एक सीट, एक सीट" अशा हाका ऐकू येतात. धुळ्यात तशीच हाक देवपूरच्या नावाने येते. कायद्याने रिक्षात तीन प्रवासी बसवायचे असतात. चौथा ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर, अर्धा आत बसतो. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, पण असं आहे.

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते मोबाइलवर बोलावल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल. ओला, उबर, रॅपिडो ही नावं आता खेड्यातल्या माणसालाही ठाऊक झाली आहेत, कारण प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी पुण्याला शिकायला किंवा नोकरीला आहे. पण सुरुवात सीट आणि स्पेशलपासून केली, कारण मोबाइलची गाडी म्हणजे नेमकं काय, हे मला या दोन शब्दांमुळेच उमजलं. तिने सगळ्यांना स्पेशल करून टाकलं आणि त्या स्पेशलचा भाव एका न दिसणाऱ्या हिशेबनिसाच्या हाती दिला.

उबर २००९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला सुरू झाली. आपल्याकडची ओला २०१० ची. उबर भारतात आली ती २०१३ मध्ये, आधी बंगळुरूला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मुंबई-पुण्याच्या लोकांना त्यांची अशी सवय लागली की जणू आजोबांच्या काळापासून गाड्या अशाच बोलावल्या जात होत्या. इतक्या लवकर का? फोन हुशार होते म्हणून, असं सगळे सांगतात. मला त्यापेक्षा जुनं कारण दिसतं. महाराष्ट्रात नव्या रिक्षा परवान्यांवर १९९७ मध्ये जी मर्यादा आली ती २०१७ मध्ये उठली. या वीस वर्षांत पुणं कुठल्या कुठे पसरलं. रिक्षांची संख्या त्या मानाने वाढली नाही. ज्या गोष्टीची टंचाई असते तिचा मालक "नाही" म्हणायला शिकतो. मुंबईच्या उपनगरात आणि पुण्यात "नाही, तिकडे नाही" हे ज्याने ऐकलं नाही असा प्रवासी विरळा. त्यात मुंबईत रिक्षा वांद्रे आणि शीवपर्यंतच चालतात, पुढे काळी-पिवळी टॅक्सी. मोबाइलच्या कंपन्यांनी पर्यटन परवान्याच्या मोटारी आणल्या. त्यांना ना मीटरचं बंधन, ना परवान्यांची मर्यादा. म्हणजे समोरचा दरवाजा सरकारने वीस वर्षं लावून ठेवला होता आणि हे मागच्या दाराने आत आले. घरात माणसं उकाड्याने बेजार झालेली होती, त्यामुळे कोणी फारशी तक्रार केली नाही.

सोय झाली, ही गोष्ट पहिल्यांदा कबूल केली पाहिजे. जळगाव-धुळ्याहून रात्री निघालेली एसटी किंवा ट्रॅव्हल्सची गाडी पहाटे चार-साडेचारला पुण्यात पोचते. वाकडेवाडीला किंवा संगमवाडीला उतरलं की अंधारात पाच-सहा जण घेरतात. पिशवी आपल्या हातातून त्यांच्या हातात कधी जाते तेही कळत नाही. भाव विचारला की तो तुमच्या चेहऱ्याकडे पाहून ठरतो. डोक्यावर पदर, हातात पापडाचा डबा, पत्ता कागदावर लिहिलेला, असं दिसलं की भाव चढतो. आमच्या घरी सौभाग्यवतींना मोबाइलच्या गाडीचं कौतुक एवढ्यासाठीच आहे. "आकडा आधी दिसतो," त्या म्हणतात, "आणि तो माझं तोंड पाहून ठरत नाही." पत्ता सांगावा लागत नाही, मुलगा घरबसल्या गाडी लावून देतो, आई कुठवर आली ते नकाशावर बघतो. दवाखान्यासाठी पुण्याला जाणाऱ्या खानदेशातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचा प्रवास यामुळे सोपा झाला. रात्री उशिरा कामावरून सुटणाऱ्या मुलींचं तर विचारूच नका.

पण आकडा आधी दिसतो म्हणजे तो कसा ठरला हेही दिसतं असं नाही. मीटरचा हिशेब सरळ आहे. अंतर मोजायचं, सरकारने ठरवलेल्या दराने गुणायचं. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, दीड किलोमीटरला. हे दहावी नापास माणसालाही तपासता येतं. मोबाइलच्या आकड्यात अंतर असतं, लागणारा वेळ असतो, आणि त्या क्षणी त्या भागात किती जण गाडी मागताहेत व किती गाड्या मोकळ्या आहेत याचं गणित असतं. पाऊस पडला, सामना सुटला, गाडी उशिरा आली, की आकडा चढतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत ठेवली होती. जुलै २०२५ मध्ये केंद्राने ती दुपटीपर्यंत नेली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये स्वतःचं धोरण आणलं त्यात दीडपटीचीच मर्यादा आहे. मर्यादा कागदावर आल्या हे चांगलं. मात्र मूळ भाडं आणि वाढ यांची बेरीज प्रवाशाने रस्त्यावर उभं राहून तपासायची कशी?

शेजारी उभ्या दोघांच्या फोनवर एकाच ठिकाणचं वेगवेगळं भाडं दिसतं, अशा तक्रारी वाढल्या. महागड्या आयफोनवर जास्त आणि साध्या फोनवर कमी, असं लोक म्हणू लागले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला याबद्दल नोटिसा काढल्या. कंपन्यांनी इन्कार केला. खरं-खोटं तपासायला आपल्याकडे साधन नाही, आणि माझ्या मते अडचण तीच आहे. वाकडेवाडीचा रिक्षावाला चेहरा पाहून भाव सांगत होता, पण तो समोर उभा होता. त्याच्याशी भांडता येत होतं. दुसऱ्याकडे जाता येत होतं.

आणि एक गंमत बघा. घासाघीस संपली म्हणून आपण आनंदलो होतो. ती परत आली. गाडी ठरायच्या आधीच "जास्त पैसे देऊ का" असं विचारणारी आगाऊ टिपची पद्धत निघाली. मे २०२५ मध्ये त्यावरूनही प्राधिकरणाने उबरला नोटीस पाठवली. टिप म्हणजे काम झाल्यावर खुशीने दिलेले पैसे, एवढं तर हॉटेलातल्या पोऱ्यालाही कळतं. काम होण्याआधी दिलेल्या पैशाला मराठीत वेगळे शब्द आहेत.

आता दुसऱ्या बाजूने. माझा भाचा पुण्यात गाडी चालवतो. पदवी घेतली, नोकरी मिळाली नाही, कर्ज काढून गाडी घेतली. गाडी ठरल्यावर ड्रायव्हरचा फोन येतो, "कुठे जायचंय? कॅश का ऑनलाइन?" आणि उत्तर ऐकून तो फेरी रद्द करतो, याचा सगळ्यांना संताप येतो. मलाही यायचा. भाच्याला विचारलं, "अरे, हे काय?" तो म्हणाला, "मामू, आधी माझं गणित ऐका." त्याच्या सांगण्याप्रमाणे अडचण अशी. लांबच्या उपनगरात सोडलं की परतीचं भाडं मिळेलच असं नाही, आणि रिकामी गाडी आणायचं इंधन त्याच्या खिशातून जातं. ऑनलाइन पैसे आधी कंपनीकडे जातात, तिथून तिचा वाटा वजा होऊन यायचे, आणि संध्याकाळी पंपावर रोख लागते. प्रवाशाला दिसतो तो आकडा आणि ड्रायव्हरला मिळतो तो आकडा, हे दोन वेगळे आकडे आहेत. मधला फरक सांगितला जातो त्यापेक्षा पुष्कळदा मोठा असतो, असं त्याचं म्हणणं. केंद्राच्या २०२० च्या सूचनांनुसार भाड्यातले किमान ८० टक्के ड्रायव्हरला मिळायला हवेत. राज्याच्या धोरणातही तेच आहे. तरी मुंबई-पुण्याच्या ड्रायव्हरांनी २०१८ मध्ये संप केले, जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा आझाद मैदानावर बसले. मागणी तीच होती. किलोमीटरमागे हाती काय पडतं ते ठरवा.

सुरुवातीची तीन-चार वर्षं कंपन्यांनी गुंतवणूकदारांच्या पैशाने दोन्हीकडे साखर वाटली. प्रवाशाला स्वस्त, ड्रायव्हरला बक्षीस. त्या गोडीवर हजारो पोरांनी कर्जं काढली. बक्षिसं आटली, हप्ते राहिले. रिक्षांच्या बाबतीत २०२५ मध्ये आणखी एक बदल झाला. रॅपिडोच्या मागोमाग उबर आणि ओलानेही रिक्षाचालकांकडून प्रत्येक फेरीमागे वाटा घेणं सोडून ठरावीक शुल्क घ्यायला सुरुवात केली. भाड्याचे पैसे सरळ चालकाच्या हाती. यात चालकाचा फायदा आहे. पण मग भाड्यावरून वाद झाला तर कंपनी म्हणते, आम्ही फक्त भेट घालून दिली, तुमचं तुम्ही बघा. म्हणजे फिरून फिरून आपण थांब्यावरच आलो, फक्त थांबा आता खिशात आहे.

गर्दीचं काय झालं? सुरुवातीला असं सांगितलं जायचं की लोक स्वतःच्या गाड्या घरी ठेवतील, रस्ते मोकळे होतील. सॅन फ्रान्सिस्कोत याचा नीट अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० ते २०१६ या काळात तिथे वाहतुकीतला खोळंबा ६२ टक्क्यांनी वाढला. या गाड्या नसत्या तर तो २२ टक्केच वाढला असता, असा अभ्यासकांचा हिशेब निघाला. कारण समजायला सोपं आहे. घरची गाडी काम झालं की उभी राहते. भाड्याची गाडी दोन फेऱ्यांच्या मधेही फिरत असते, रिकामी. शिवाय जो बसने गेला असता, चालत गेला असता, तोही गाडी बोलावतो. न्यूयॉर्कने २०१८ मध्ये अशा गाड्यांच्या नव्या परवान्यांवर मर्यादा घातली ती यामुळेच. पुण्याचं म्हणाल तर टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत पुणं जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं आलं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद! दोष एकट्या मोबाइलच्या गाड्यांचा नाही, दुचाकींचा महापूर आहे, बस अपुऱ्या आहेत. पण गर्दी घटेल हे जे वचन होतं, ते पाळलं गेलं नाही एवढं नक्की.

आता आपल्या सीटकडे बघा. आपला रिक्षावाला चार माणसं मिळाल्याशिवाय जागचा हलत नाही. आपण वैतागतो, "अहो चला ना आता" म्हणतो. पण चार माणसं एका गाडीत गेली म्हणजे तीन गाड्या रस्त्यावर आल्या नाहीत. कंपन्यांनाही हे कळत होतं. एकाच दिशेच्या अनोळखी प्रवाशांना एका गाडीत बसवण्याची सोय उबरने २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू केली, ओलानेही केली. त्यासाठी मोठमोठे संगणक कामाला लावले. २०२० मध्ये करोना आला आणि ती बंद पडली. जळगावला हेच काम "खोटेनगर, एक सीट" एवढ्या तीन शब्दांत होतं, आणि करोनानंतर ते पुन्हा सुरूही झालं.

एक गोष्ट अजून राहिली आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. सीटच्या रिक्षात कोणी कोणाचं नाव विचारत नाही. गुडघ्याला गुडघा लागलेला असतो, कोणाची पिशवी कोणाच्या मांडीवर असते, पोर रडलं तर शेजारची बाई बिस्कीट काढून देते. नाव मात्र कळत नाही, आणि कोणाला ते कळून घ्यायचंही नसतं. मी कवी आहे, मराठीत लिहितो. कवितेखाली नाव छापून येतं तेव्हा काय होतं याचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे. "तुमचं मराठी किती चांगलं!" असं कौतुक होतं. कौतुक मनापासून असतं, म्हणून मी हसून "मेहरबानी" म्हणतो. रिक्षात माझ्या मराठीचं कौतुक कोणी करत नाही. तिथे मी एक सीट असतो.

मोबाइलच्या गाडीत नाव आधी येतं, गाडी मागून. पडद्यावर ड्रायव्हरचं नाव, फोटो, गाडीचा क्रमांक. ड्रायव्हरलाही प्रवाशाचं नाव दिसतं. एप्रिल २०१८ मध्ये लखनौच्या एका प्रवाशाने ड्रायव्हर मुसलमान आहे म्हणून आपण ओलाची गाडी रद्द केली, असं समाजमाध्यमावर अभिमानाने लिहिलं होतं. कंपनीने आम्ही धर्मावरून भेद करत नाही असं उत्तर दिलं, आणि ते ठीकच होतं. पण त्या गृहस्थाने लिहिलं म्हणून कळलं. न लिहिणाऱ्यांचं कसं कळणार? अमेरिकेत काही अभ्यासकांनी सिएटल आणि बोस्टन शहरांत मिळून सुमारे दीड हजार फेऱ्या मुद्दाम करून पाहिल्या आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. बोस्टनमध्ये उबरवर प्रवाशाचं नाव काळ्या लोकांत असतं तसं असेल, तर ड्रायव्हरने फेरी रद्द करण्याचं प्रमाण गोऱ्या वाटणाऱ्या नावापेक्षा दुपटीहून जास्त निघालं.

माझ्या भाच्याच्याही फेऱ्या रद्द होतात. सगळ्यांच्याच होतात. कोणाला दुसरी गाडी लवकर मिळते, कोणाचा बेत बदलतो. गाडी ठरते, नाव जातं, आणि मिनिटाच्या आत रद्द होते, तेव्हा तो काय समजतो, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "मामू, मी काहीच समजत नाही. समजायला लागलो तर गाडी चालवता येणार नाही." रद्द करताना प्रवाशाला कारण निवडायला सांगतात. त्या यादीत बेत बदलला, वेळ लागतोय अशी कारणं असतात. जे कारण तिथे नाही ते मोजलंही जात नाही.

मग नावं काढून टाका, असं म्हणावं का? तेही म्हणता येत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला. ड्रायव्हरची पूर्वपीठिका नीट तपासलीच गेली नव्हती हे उघड झालं, दिल्ली सरकारने बंदी घातली, आणि त्यानंतर ओळखपत्र, पोलीस पडताळणी, प्रवास घरच्यांना दाखवण्याची सोय, मदतीचं बटण हे सगळं कडक झालं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचा बाप म्हणून मला ड्रायव्हरचं नाव, फोटो, क्रमांक सगळं हवं आहे. भाच्याचा मामा म्हणून ते नाव प्रवाशाला पाच मिनिटांनी दिसलं तर बरं, असं वाटतं. पडद्यावरची ओळ एकच आहे. निदान एवढं करता येईल की गाडी ठरताना क्रमांक दिसावा, आणि नाव-फोटो गाडी दाराशी आल्यावर. कंपनीकडे सगळी नोंद असतेच, मुलीच्या घरच्यांना प्रवासाची माहिती जातेच. एवढा बदल करायला फार मोठा संगणक लागणार नाही.

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं, आपल्याला काय, असं म्हणून चालणार नाही. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये विजेवर चालणाऱ्या बाइक टॅक्सीला मंजुरी दिली, ती एक लाखाहून जास्त लोकवस्तीच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे होतं आणि धुळं पावणेचार लाख. म्हणजे दोन्ही शहरं या यादीत बसतात. त्याआधी पुण्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये रिक्षावाल्यांनी बाइक टॅक्सीविरुद्ध रस्ते अडवले होते, आणि विनापरवाना चालणाऱ्या त्या सेवेला २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं होतं. आता ती कायद्याच्या वाटेने येते आहे. भाडं पहिल्या दीड किलोमीटरला पंधरा रुपये ठरलं. एकट्या माणसाला हे सीटच्या भाड्याच्या जवळपास जातं, आणि थांबायलाही नको. कॉलेजची पोरं तिकडे वळणार, यात मला शंका नाही. बांभोरीला विद्यापीठात जाणारी तर नक्कीच.

पण सीटच्या रिक्षातल्या चारांतला एक गेला, की उरलेल्या तिघांना जास्त थांबावं लागतं. दोघे गेले की रिक्षावाला ती वाटच सोडतो. मग स्मार्टफोन नसलेली, पत्ता टाइप न करता येणारी माणसं उभी राहतात. मला वाटतं, महापालिका आणि आरटीओने या नव्या गाड्या येण्याआधी सीटच्या वाटा, थांबे आणि सीटचं भाडं अधिकृत करून टाकावं. आज ते रूढीवर चाललं आहे. रूढीला परवाना नसतो, त्यामुळे ती मोडली तर कोणी दाद मागू शकत नाही.

धुळ्याला देवपूरच्या वाटेवर एका पिकल्या मिशांच्या रिक्षावाल्याला मी या बाइक टॅक्सीबद्दल सांगत होतो. मागे बसणारा एकच, मधे आडपडदा, पावसासाठी वर आच्छादन, सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात मंडईतून दोघी जणी टोपल्या घेऊन आल्या. त्याने उतरून एक टोपली मागे ठेवली, दुसरी स्वतःच्या पायाशी घेतली, मला थोडं सरकायला सांगितलं आणि म्हणाला, "मंग आप्पा, ह्या टोपल्या कोठे ठेवतीन?"